रविवर्म्यांची लक्ष्मी कोणाची?

लक्ष्मी कशी दिसते, असे आपल्यापैकी कोणालाही विचारले तर उत्तर शोधावे लागत नाही. तळ्यातल्या कमळावर ती उभी असते. तिला चार हात असतात, अंगावर जरीकाठाची लाल साडी असते आणि बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती असतो. सरस्वती म्हटले की शुभ्र साडी, हातात वीणा आणि शेजारी मोर. आपल्या कॉलेजात मराठी विद्यार्थी हेच सांगेल आणि कन्नड विद्यार्थीही हेच सांगेल. वास्तविक या देवींना दोघांपैकी कोणीच पाहिलेले नाही. मग दोघांच्या मनात एकच रूप आले कोठून? पुराणांत देवीचे हात, आयुधे, वाहन यांचे वर्णन सापडते. पण तिच्या साडीच्या निऱ्या, पदराचा घोळ, चेहऱ्यावरचा तो शांत गृहिणीचा भाव पुराणांत सापडत नाही. तो एका माणसाच्या मनातून आला. त्या माणसाचे नाव राजा रविवर्मा.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्चाच्या वह्यांत बुडालेल्याने चित्रकाराचे चरित्र लिहायला घ्यावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु रविवर्म्यांचे आयुष्य वाचताना मला वाटले की कलेतला अर्थ कोण निर्माण करतो, चित्रकार की पाहणारा, या वादाचा निवाडा करायला एवढे चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही. शिवाय या चरित्रात एक छापखानाही आहे, आणि त्याचा हिशेब आम्हा वाणिज्यवाल्यांना थोडाफार कळतो.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. वडील संस्कृतचे जाणकार, आई उमा अंबाबाई कवयित्री. घरात कथकळी, पुराणे आणि संगीत यांचे वातावरण होते. लहानग्या रवीला कोळशाने भिंती रंगवण्याची खोड होती. मामा राजराजवर्मा स्वतः चित्रे काढीत. त्यांनी भिंती खराब झाल्या म्हणून भाच्याला रागावण्याऐवजी त्या रेघांत काय आहे ते ओळखले. १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्याला त्रिवेंद्रमला महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले.

तेथे त्याला रीतसर गुरू मिळाला नाही. तैलरंग ही युरोपातून आलेली नवी विद्या होती आणि ज्यांना ती येत होती ते ती जपून ठेवीत. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी शिकवण्याचे नाकारले. त्यांच्या हाताखालच्या एका सहायकाने या मुलाला चोरून थोडे शिकवले. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम चालू असताना बाजूला उभे राहून पाहण्याची मुभा दिली. रविवर्मा पाहत राहिले. पुढे ज्यांच्या चित्रांनी साऱ्या देशाला पाहायला शिकवले, त्यांचे स्वतःचे शिक्षण असे नुसत्या पाहण्यातून झाले. तंत्र परक्याचे होते. त्यात भरलेला आशय मात्र किळिमानूरच्या घरातला, आईच्या काव्यातला आणि कथकळीच्या रात्रींतला होता.

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात, केसांत फुलांची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांच्या चित्राचा गौरव झाला. १८७६ साली त्यांनी मद्रासला शकुंतलेचे चित्र ठेवले. शकुंतला जमिनीवर पालथी पडून कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहीत आहे, असा तो प्रसंग. ते चित्र गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले, आणि मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या एका आवृत्तीत ते मुखचित्र म्हणून छापले गेले. म्हणजे संस्कृतच्या इंग्रज पंडिताला या चित्रात खरा भारत दिसला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण याच चित्राची दुसरी बाजू पुढे यायची आहे.

रविवर्म्यांचा मराठी मुलखाशी संबंध आला तो बडोद्यामुळे. सर टी. माधवराव हे आधी त्रावणकोरचे दिवाण होते आणि नंतर बडोद्याचे. १८८१ साली सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले त्या सुमारास माधवरावांच्या ओळखीने रविवर्मा बडोद्याला आले व त्यांनी दरबारातील व्यक्तिचित्रे रंगवली. पुढे सयाजीरावांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील चौदा प्रसंगांची चित्रे मागितली. काम मोठे होते आणि अडचणही मोठी होती. दमयंतीने, सीतेने, द्रौपदीने नेसायचे काय? मूर्तीतली वस्त्रे मूर्तीला शोभतात, जिवंत वाटणाऱ्या बाईला नाहीत. रविवर्मा धाकटे बंधू सी. राजवर्मा यांना बरोबर घेऊन १८८८ मध्ये उत्तर हिंदुस्थानात फिरले. साऱ्या देशाला मान्य होईल असा एकच जुना पोशाख त्यांना सापडला नाही. सापडण्यासारखा तो नव्हताच. तेव्हा त्यांनी निवड केली. पुराणातल्या स्त्रियांना त्यांनी साडी नेसवली, तीही पुष्कळ ठिकाणी दक्षिणेत व महाराष्ट्रात नेसतात तशा धाटणीची.

मला वाटते, या चरित्रातला कळीचा क्षण हाच. व्यक्तिनिष्ठता हा शब्द आपण तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकतो आणि विसरतो. येथे तो डोळ्यांनी दिसतो. एका चित्रकाराने आपल्या आवडीने व आपल्या अंदाजाने एक निर्णय घेतला, आणि पन्नास वर्षांच्या आत तो निर्णय आहे हेच लोक विसरले. सीता अशीच होती, असे सर्वांना वाटू लागले. एका माणसाचे मत साऱ्या समाजाचे सत्य झाले.

हे कसे झाले, याचे उत्तर छापखान्यात आहे. बडोद्याची चौदा चित्रे राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांना पाहायला मिळाली तेव्हा त्यांच्याभोवती गर्दी लोटली. पण राजवाड्यातले चित्र शेवटी राजवाड्यातच राहते. चित्रांच्या रंगीत प्रती काढाव्यात ही सूचना माधवरावांनी १८८४ च्या सुमारासच केली होती. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आणली आणि कारागीरही तिकडचे बोलावले. ही छपाई दगडावरची. विशिष्ट जातीच्या चुनखडी दगडावर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, मग दगड ओला करायचा. कोरा भाग पाणी धरून ठेवतो आणि तेलकट रेघ शाई धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि कागद दर वेळी नेमक्या त्याच जागी बसवावा लागतो. केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जातात. एका चित्रासाठी असे कितीतरी दगड तयार करावे लागत. येथून शकुंतलाजन्म, लक्ष्मी, सरस्वती अशी एकामागून एक चित्रे बाहेर पडली. त्यांना ओलिओग्राफ म्हणत, कारण ती तैलचित्रासारखी दिसत.

१८९६ नंतर मुंबईत प्लेगचा कहर झाला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. कर्ज वाढत गेले. चित्रे खपत होती, पण धंदा तोट्यात होता. हे कोडे कोणत्याही दुकानदाराला चांगले ठाऊक असते. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हा छापखाना तेथलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला गेला.

आम्हाला बी. कॉम.ला ख्याती, म्हणजे गुडविल, शिकवतात. धंद्याची ख्याती मालकाच्या तिजोरीत नसते, ती गिऱ्हाइकाच्या मनात असते. धंदा चालू असेपर्यंत ती वहीत दिसत नाही. तो विकला जातो तेव्हा खरेदी करणाऱ्याच्या वहीत तिचा आकडा लिहिला जातो. श्लायशर यांनी दगड व यंत्रे घेतली हे खरे, पण त्याहून मोठी खरेदी चित्रे छापण्याच्या हक्काची आणि रविवर्मा या नावाची होती. छापखान्याचे नाव पुढे कित्येक वर्षे तेच राहिले, आणि रविवर्म्यांनी कधी न काढलेली चित्रेही त्याच नावाच्या छापखान्यातून निघाली. १९७२ मध्ये आगीत तो नष्ट झाला. चित्राचा अर्थही मला असाच ख्यातीसारखा वाटतो. तो कागदावर नसतो, पाहणाऱ्याकडे जमा असतो, आणि चित्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले म्हणजे त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हातबदलाची उदाहरणे पाहा. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रे गेली. त्यांना पदके मिळाली. पण परीक्षकांना महत्त्व वाटले ते हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांचे पोशाख व दागिने हुबेहूब दाखवल्याचे. चित्रकाराने भाव रंगवला होता, परीक्षकांनी माहिती वाचली. त्यांतल्या एका चित्रात रविवर्म्यांची मुलगी महाप्रभा आपले बाळ कडेवर घेऊन दाराकडे पाहत आहे. बाळाचे वडील येत आहेत. आपल्याला हे साधे घरगुती चित्र वाटते. पण त्यांच्या समाजात घराणे आईकडून चाले, मूल आईच्या घरचे असे, वडील हे बाहेरून येणारे. ही माहिती असलेल्या माणसाला त्याच दाराकडे पाहताना एक जुनी कुटुंबपद्धती बदलू लागल्याची चाहूल लागते. चित्र तेच आहे. पाहणाऱ्याजवळची शिदोरी निराळी आहे.

हा अनुभव आपणही घेऊ शकतो. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात रविवर्म्यांचे वादक स्त्रियांचे प्रसिद्ध चित्र आहे. अकरा स्त्रिया एकत्र बसल्या-उभ्या आहेत आणि प्रत्येकीचा पोशाख वेगळ्या प्रांताचा वा समाजाचा आहे. सहलीत मी व माझा कन्नड वर्गमित्र त्या चित्रापुढे उभे होतो. माझी नजर प्रथम मराठी धाटणीच्या लुगड्यावर गेली, त्याची वीणेवर. मला वाटले, सगळा देश एका मैफलीत आणला आहे. त्याला वाटले, या बायका एकमेकींचे ऐकतच नाहीत, प्रत्येक जण आपल्याच विचारात आहे. बराच वेळ पाहिल्यावर मला त्याचे म्हणणे दिसू लागले आणि त्याला माझे. दोन्ही गोष्टी चित्रात होत्या. आमच्यापैकी एकालाच आणले असते तर एकच दिसली असती.

आता शकुंतलेकडे परत येतो. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला वारले. धाकटे बंधू राजवर्मा, त्यांचा उजवा हात, आदल्याच वर्षी गेले होते. रविवर्म्यांच्या निधनानंतर लवकरच टीकेची लाट आली. स्वदेशीचे दिवस होते. आनंद कुमारस्वामी यांना त्यांच्या चित्रांत नाटकीपणा आणि उसना युरोप दिसला. भगिनी निवेदितांना शकुंतलेचे ते जमिनीवर पालथे पडणेच अशोभनीय वाटले. ज्या चित्रात इंग्रज पंडिताला खरा भारत दिसला, त्याच चित्रात भारतावर प्रेम करणाऱ्यांना परकेपणा दिसला. पुढे पुष्कळ वर्षे शिकलेल्या माणसाने रविवर्म्यांना कॅलेंडरवाले म्हणून नाक मुरडायचे, अशी रीतच पडली. त्यानंतर काळ पुन्हा फिरला. १९७९ मध्ये त्यांची चित्रे देशाबाहेर नेण्यास बंदी घालून त्यांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा देण्यात आला, आणि १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. या साऱ्या काळात कॅनव्हासवरचा एकही फटकारा बदलला नव्हता.

विद्वानांचा हा वाद चालू असताना आमच्या आज्या-पणज्यांनी मात्र त्या चित्रांचे तिसरेच काही केले होते. त्यांनी चित्र पाहिले नाही, ते पूजले. काचेवर कुंकू लावले, चौकटीला हार घातला. कित्येक घरांतल्या बायकांनी छापील लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. अशी एक जुनी तसबीर मी आमच्या गल्लीत पाहिली आहे. ती चिकटवणारी बाई रविवर्म्यांची सहकलाकार होती, असे मी म्हणतो. आपल्या शास्त्रकारांनी रसिकाला सहृदय म्हटले आहे. रस पुरा होतो तो त्याच्याजवळ. या बायकांना ते शास्त्र ठाऊक नव्हते, पण सुई-दोरा घेऊन त्यांनी नेमके तेच केले.

याहून मोठी एक गोष्ट आहे. त्या काळी देवळाची पायरी सर्वांना मोकळी नव्हती. ज्याला गाभारा दुरूनही दिसत नव्हता, त्याच्या झोपडीत कागदाची लक्ष्मी थोड्या पैशांत येऊन बसली. तिला सोवळे नव्हते, पुजारी नव्हता. रविवर्म्यांच्या स्वतःच्या त्रावणकोर संस्थानात मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा निघाला तो १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. तो काढणारे महाराजा चित्तिरा तिरुनाळ हे रविवर्म्यांचे पणतू होते. पणतूने दरवाजे उघडण्याच्या कितीतरी आधी पणजोबांच्या छापखान्यातून देव दरवाजाबाहेर पडला होता. रविवर्म्यांनी हा अर्थ मनात धरून छापखाना काढला होता असे मी म्हणणार नाही. पण घेणाऱ्याने तो अर्थ त्यात घातला, आणि माझ्या मते तोच त्या चित्रांचा सर्वांत मोलाचा अर्थ होय.

तथापि जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे. एक रूप घरोघर गेले म्हणजे दुसरी रूपे मागे पडतात. पिंगुळीच्या चित्रकथींची ठसठशीत रेघ, सावंतवाडीच्या गंजिफांवरचे दशावतार, पैठणची चित्रे, म्हैसूर शैलीतले सोनेरी देव, यांतही सीता आहे, विष्णू आहे. पण ती आपल्याला आता चमत्कारिक वाटतात, जणू तीच नकली आणि रविवर्म्यांची अस्सल. देवीचा रंग गोरा ठरला, चेहरा वरच्या घरातला ठरला. काळ्यासावळ्या मुलीने आरशात पाहून आपल्यात लक्ष्मी शोधावी, अशी सोय त्या चित्रात उरली नाही. आणि ज्या स्त्रिया चित्रासाठी समोर बसल्या त्यांचे काय? गोव्याच्या कलावंत घराण्यात जन्मलेल्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर तरुणपणी रविवर्म्यांच्या काही चित्रांना मॉडेल म्हणून बसल्या, असे सांगितले जाते. अंजनीबाईंना पुढे १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, त्यांचे नाव राहिले. बाकीच्यांची राहिली नाहीत. ज्या गाणाऱ्या बायकांना समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांतल्या कोणाचा चेहरा नकळत देवघरात जाऊन बसला असेल, तर पूजा करणाऱ्यांनी त्याचा थोडा विचार करावा.

रविवर्म्यांच्या नावामागचा राजा हा शब्दही असाच आहे. ते कोणत्याही राज्याचे राजे नव्हते. १९०४ साली कैसर-ई-हिंद पदक देताना सरकारने त्यांना राजा म्हटले आणि लोकांनी ते कायम केले. मळवलीच्या छापखान्याशी आमच्या मुलखातल्या माणसांचाही संबंध आला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके तेथे छपाईचे काम करीत होते. त्याच दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला. कागदावरचे पुराण पडद्यावर हलू लागले, आणि रविवर्म्यांची नजर आणखी दूर गेली.

या चरित्रातून मी एवढे शिकलो की कलेचा अर्थ एकट्या कलावंताच्या मुठीत नसतो. परंतु तो ज्याला जसा वाटेल तसा असतो, असेही नव्हे. मैसूरला माझ्या मित्राला दिसलेले एकाकीपण त्या चित्रातच होते. मी म्हणून तेथे हत्ती दिसणार नाही. कलावंत भांडवल घालतो, पाहणारा त्यावर व्यापार करतो, आणि फायदा-तोटा दोघांच्या नावावर पडतो. म्हणूनच पाहणाऱ्यावर जबाबदारी आहे. लक्ष्मीचे हे रूप अनादी नाही, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका कष्टाळू, प्रतिभावान माणसाने निवडले, हे कळल्याने हात जोडणाऱ्याची भक्ती कमी होण्याचे कारण नाही. मात्र हे कळलेला माणूस, माझ्या देवघरातले रूप तेच खरे आणि तुझे खोटे, असे शेजाऱ्याला म्हणणार नाही. दोन भाषांच्या आपल्या या गावात एवढी समज असणे फार गरजेचे आहे. रविवर्म्यांनी आपल्या काळात आपली निवड केली. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीने उद्या सावळी, मजूर घरची सरस्वती रंगवली, तर ती रविवर्म्यांच्याच धाडसाने वागली असे मी समजेन.